जुना दोर

मी कार्डिनलची लाल टोपी बोलतेय. वर बघा, आणखी वर! विटेर्बोच्या या चर्चमध्ये तुळईला टांगलेली, धुळीने माखलेली, ती मीच. माझ्या बरोबर खाली माझ्या धन्याची, लानफ्रान्कोची कबर आहे.

लोकर थापून थापून मला घडवलं, लाल रंगात बुडवलं, रेशमी गोंडे लावले. काय माझा रुबाब होता! लानफ्रान्कोचे मामा पोप झाले आणि त्यांनी मला उचलून भाच्याच्या डोक्यावर ठेवलं; झाला तो कार्डिनल, पोपच्या खालोखालचा धर्माधिकारी! त्याला तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेलं. घोड्यांचं वेड होतं, लग्नाची बोलणीही चालली होती.

"मामा, मला यातलं काही म्हणजे काही येत नाही हो!"

"मी आहे ना! मी तुझं वाईट करीन का?"

खरं सांगते, भाच्यावर फार जीव होता त्यांचा. पण कार्डिनलला लग्न करता येत नाही; त्या मोडलेल्या लग्नाबद्दल मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

बाजारात बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. "बघ गं, मामांच्या मांडीवरून थेट कार्डिनल!" त्याची कानशिलं तापायची. ते मला कळायचं, दुसऱ्या कुणाला कळणार? पुढे मामा वारले. नव्या पोपांच्या दरबारात त्याला कुणी विचारेना. बहीण दिवित्सिया हिच्या घरी तो कुढत राहिला. मरताना तिला म्हणाला, "फुकटात मिळालेल्या मानाचा देव जाब विचारेल गं मला."

आमच्याकडे कार्डिनल गेला की त्याची टोपी कबरीवर टांगतात. ती आपोआप गळून पडली की समजायचं, मेल्यावर पापं जाळणाऱ्या शुद्धिस्थानातल्या आगीतून त्याचा जीव सुटला, स्वर्गात गेला. दिवित्सिया येऊन वर बघायची. तिचे केस पिकले, मान धरली, मी आपली जागच्या जागी. "इतकं काय रे पाप केलंस?" असं कबरीला विचारायची आणि घरी जाऊन उपास करायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

परवा ती अवेळी आली. चर्चची झाडलोट करणारा म्हातारा बेंचिवेन्नी शिडीवर चढून माझा दोर बदलत होता.

"अरे, हे काय चाललंय?"

"विरलाय हो बाई, म्हणून नवा बांधला. नेहमीच बदलतो मी. लानफ्रान्को साहेबांनीच मला इथे कामाला चिकटवलं ना! मी जिवंत असेपर्यंत त्यांच्या मानाची ही टोपी खाली धुळीत पडायची नाही, सांगून ठेवतो!"

दिवित्सियाने शिडी गच्च धरली. "मेल्या, इतकी वर्षं तू माझ्या भावाला आगीत ठेवलंस!"

बेंचिवेन्नीचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने कमरेचा सुरा काढला. "कापून टाकू का, बाई?"

"खबरदार! आपोआपच पडायला हवी." मग डोळे पुसत ती हळूच म्हणाली, "तूही मामांसारखाच रे. माया करून करून टांगून ठेवलंत त्याला. बांध तो जुना दोर, आणि उतर खाली."

तेव्हापासून ती कबरीपाशीच बसून असते. बेंचिवेन्नी तिला हरभऱ्याचं कढण आणून देतो आणि खाली मान घालून निघून जातो.

माझी एकच विनवणी आहे. मी पडले की कुणी प्रेमाने मला पुन्हा वर टांगू नका.

दोराचा पीळ सुटतोय. दिवित्सिया, जरा बाजूला सरक बाई... नाहीतर राहू दे, बस तशीच. मी जड झाले ती त्याला. तुला नाही लागायची.