न्हाणीघरातला तोरिबियो

"आलं! पाणी आलं! तोरिबियो पावला!"

एर्सिलियाच्या अंगणात शनिवारी सकाळी निम्मी गल्ली मेणबत्त्या धरून उभी होती. न्हाणीघरातला एरवी नुसता ठिबकणारा शॉवर आज बदाबदा कोसळत होता. बायकांनी छातीवर क्रूस काढले. आत्म्यांशी बोलणाऱ्या कासियानोबुवांनी डोळे मिटून मान डोलावली. ती भक्तीनं डोलली की शिजत्या कोंबडीच्या वासानं, याबद्दल नेरेइदाला शंका होती.

नेरेइदा ही एर्सिलियाची थोरली बहीण, बानी शहरातल्या शाळेत विज्ञान शिकवणारी. तोरिबियो हा एर्सिलियाचा वारलेला नवरा. नेरेइदा आली होती बहिणीच्या दुसऱ्या लग्नाला, आणि इथे नवरीच डोळे पुसत लग्न मोडायला निघालेली.

"ताई, बुवा म्हणतात, तोरिबियोला हे लग्न पसंत नाही गं. म्हणून पाणी अडवतो. जिवंतपणी हट्टी होता, मेल्यावर काय सुधारणार?"

"आणि लिसांद्रो?"

"त्याला आजच नाही म्हणून सांगते," एर्सिलिया म्हणाली आणि पुन्हा रडू लागली. कुंपणापाशी नवरदेव, लिसांद्रो बेकरीवाला, टोपी चुरगाळत उभा होता. पावासारखा मऊ माणूस, भुतापुढे काय बोलणार?

"विधवाच राहा, मुली," बुवा गरजले. "दर शनिवारी मला बोलाव. एक कोंबडी, एक रमची बाटली. सगळं तोरिबियोचं हो! मी आपला नुसता चाखतो."

"बुवा," नेरेइदानं गोड आवाजात विचारलं, "विधीआधी सगळ्यांना नळ का बंद करायला लावता?"

"आत्म्याला खळखळाट खपत नाही!"

एर्सिलियाच्या अंगणाभोवती चार बिऱ्हाडं, टाकी एकच. दिवसभर कुणाचं धुणं, कुणाची भांडी चालूच. नेरेइदा गुपचूप मागच्या मोरीत गेली आणि तिनं तिथला नळ पूर्ण सोडला.

शॉवरची धार दोऱ्याएवढी झाली. अंगणात हाहाकार उडाला.

"इथे कुणीतरी नास्तिक आहे!" बुवा ओरडले.

"आहे ना! मी! मोरीत!" नेरेइदानं नळ बंद केला. शॉवर धो धो. उघडला, ठिबक ठिबक. पुन्हा बंद केला, धो धो. "बुवा, तुमचा आत्मा माझ्या मनगटाच्या तालावर नाचतोय की! मेणबत्त्या विझवून बघू या का?"

मेणबत्त्या विझल्या तरी पाणी तसंच चालू राहिलं. कुणीतरी फिसकन हसलं.

मग तिनं छपराकडे बोट दाखवलं. "टाकीपासून इथपर्यंत अर्ध्या इंचाचा पाइप, वर जागोजागी काटकोनात वळवणारे एल्बो. हे शहाणपण कुणाचं?"

एर्सिलिया खाली बघत म्हणाली, "तोरिबियोचं. म्हणायचा, नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार कशी जोरात जाते, तसाच पाइपही बारीक हवा."

"अगं, धार लांब जाते, पण बादली लवकर भरते का? छपरावरच्या टाकीचा जोर मुळात बेताचा. लांब बारीक पाइपात आणि वळणावळणावर तो खर्ची पडतो. त्यात मोरीचा नळ उघडला की शॉवरला काय उरणार? टाकीपासूनचा मुख्य पाइप एक इंची घाल. रुंदी दुप्पट, पण पाण्याची वाट चौपट. शॉवरकडचा शेवटचा तुकडा तेवढा अर्धा इंची राहू दे."

कोंबडी शिजली तेव्हा बुवा अंगणात नव्हते.

लिसांद्रोनं करवत, पाइप चिकटवायचं सोल्युशन आणि नवा पाइप आणून दोन दिवस छपरावर घाम गाळला. लग्नाच्या दिवशी मोरीत भांडी पडत होती, धुण्याचं यंत्र घरघरत होतं, आणि एर्सिलिया शॉवरखाली गात होती.

"ताई," ती आतून ओरडली, "बुवा एका बाबतीत खरं बोलले बरं का! पाणी तोरिबियोनंच अडवलं होतं!"

"हो, पण पाइप बसवताना! त्यासाठी जन्मभर विधवा राहायला निघाली होतीस, वेडे!"

नेरेइदाला हसू आलं, पण आदल्या शनिवारचं बहिणीचं रडणं आठवून तिला रागही आला. बाबांनो, मेलेल्या माणसावर आळ घेणं सोपं असतं, तो उलट बोलत नाही. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी मागच्या मोरीतला नळ एकदा उघडून बघा.