दोन्ही हात वर

आमच्या मळ्यात मोट माझे मालक हाकतात आणि वाफ्यांना पाणी मी देते. विहीर एका टोकाला, वाफे दुसऱ्या टोकाला. चाकाची कुरकुर एवढी, की मी कितीही ओरडले तरी तिकडे ऐकू जात नाही. म्हणून आमची खूण ठरलेली. वाफ्यांकडे पाणी नेणारा मातीचा दांड फुटला की मी दोन्ही हात वर करायचे आणि त्यांनी बैलांसकट जागच्या जागी थांबायचं. दांड बुजवून झाला की मी पदर हलवायचा, मग मोट पुन्हा सुरू. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण या खुणेत कधी चूक झाली नाही. बाकी सगळ्यात झाली.

उन्हाळ्यात चिखलदऱ्याच्या साहेब लोकांकडे आमची भाजी जायची. दरवर्षी परत आले की यांच्या तोंडी तिथे ऐकलेल्या पावसाळी धबधब्यांचं कौतुक, आणि "सत्यभामे, तुले दाखवतोच एकदा." त्या वर्षी भादव्यात एकदाची गाडी जुंपली. सोबत आमची शकुन, पाच वर्षांची.

गाविलगडाजवळच्या एका जुन्या गावात नत्थुजी गवळ्याकडे उतरलो. दगडी कमानीखाली त्यांच्या शेळ्या बांधलेल्या. कमान कोणत्या राजाची, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. सकाळी आम्ही दरीत निघालो तेव्हा ते म्हणाले, "वरतं ढग हायेत. पानी गढूळ झालं का नाल्यात थांबू नका."

हे हसले. "माळ्याले पानी काय शिकवता जी?"

धबधबा खरंच देखणा होता. पण मी काठावरच बसले. मला पाण्याची भीती नाही, मोकाट पाण्याची आहे. शकुनला खांद्यावर घेऊन हे नाल्याच्या मधल्या खडकापर्यंत गेले. पाणी जेमतेम पोटऱ्यांएवढं होतं. बराच वेळ तिला धबधबा दाखवून परत फिरले, तेव्हा तोंड माझ्याकडे आणि धबधबा पाठीमागे.

तेवढ्यात वरून पडणारं पांढरं पाणी मातकट झालं. त्यात झाडाची अख्खी फांदी आली.

माझे दोन्ही हात आपोआप वर गेले.

आणि ते थांबले.

"निंघा जी! निंघा!" मी जीव तोडून ओरडले. धबधब्याच्या आवाजात माझंच मला ऐकू येईना. ते तिथेच उभे होते, विहिरीशी बैलांच्या धावेवर उभे राहतात तसे, शांत, माझ्या पदराची वाट बघत. खांद्यावर शकुननंही माझं पाहून हसत दोन्ही हात वर केले.

तेव्हा मला कळलं, त्यांना मीच थांबवलं आहे.

पदर कमरेला घट्ट खोचलेला. सुटता सुटेना. शेवटी ओढला तो फाटला. तसाच फाटका डोक्यावर गरगर फिरवला. ते चालू लागले, पण बैलांच्या चालीनं! मग पायाशी पाण्याचा रंग बदललेला त्यांना दिसला आणि ते धावले. मी कमरेइतक्या पाण्यात शिरले आणि शकुनला ओढून घेतलं. लोंढा आला तो त्यांच्या छातीवर. जांभळीचं मूळ हाती लागलं म्हणून वाचले. मधला खडक दिसेनासा झाला होता.

काठावर पडून त्यांनी पोटातलं पाणी ओकून टाकलं. मग माझ्याकडे पाहून विचारलं, "काहून थांबवलं वं?"

रागावले असते तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते.

आता दांड फुटला तरी मी हात वर करत नाही. फावडं टाकून विहिरीपर्यंत धावत जाते. तोवर एखादा मेथीचा वाफा वाहून जातो. ते तिथे पुन्हा बी टाकतात.

परवा शकुननं बांधावर खेळता खेळता दोन्ही हात वर केले. मी धावत जाऊन ते खाली ओढले. विहिरीकडे पाहिलं, तर मोट थांबलेली होती.