आईचा डावा कान

माझी आई डीजे आहे आणि मी कान तपासते. एका घरात हे दोन्ही कसं जमलं, असं लोक हसत विचारतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. ज्या घरात अठ्ठावीस वर्षं ओले टॉवेल स्पीकरवर वाळले, त्या घरातलं एक पोर कानांच्या मागे लागणारच होतं. दुसरं पोर, म्हणजे माझा दादा, दुसऱ्या शहरात ग्रंथालयात नोकरीला लागला. तिथे कोणी खोकलं तरी त्याला बरं वाटत नाही.

लहानपणी मैत्रिणी म्हणायच्या, तुझी आई डीजे, काय मजा असेल तुमची. मजा त्यांची होती, आम्ही चवड्यांवर चालायचो. आई दुपारी बारापर्यंत झोपलेली असायची आणि तोवर घरात चमचा जरी पडला तरी दादा माझ्याकडे असं बघायचा, जणू मी घर पाडलं. बाबा बेकरीत भट्टीवर होते. आई कामावरून घरात शिरायची तेव्हा ते चपला घालत असायचे. दोघं दारात एकमेकांना किल्ली द्यायचे, त्याला आमच्या घरी संसार म्हणत. शाळेच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे दादा 'विद्युत उपकरणे' असं लिहायचा. सहावीत असताना मी शाळेच्या कार्यक्रमात भाषणाला उभी राहिले. पहिलंच वाक्य झालं असेल, तोच आई तिसऱ्या रांगेतून उठली, चित्रकलेच्या सरांना बाजूला सारलं, त्यांच्यासमोरच्या आवाजाच्या मशीनची दोन बटणं फिरवली आणि अख्ख्या शाळेसमोर मला म्हणाली, "हां, आता बोल." पुढचं भाषण मला आजतागायत आठवलेलं नाही.

तर अशी आई. तिच्या कानांबद्दल मला पहिली शंका आली ती वॉशिंग मशीनमुळे. आई मशीनला टेकून मासिक वाचत बसली होती आणि मशीन कपडे धुऊन झाले म्हणून टीं टीं करत होतं. मी बाहेरच्या खोलीतून ओरडले तेव्हा ती म्हणाली, "बिघडलंय ते. हल्ली वाजतच नाही." मी बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते.

तपासायला ये म्हणून मी तीन महिने तिच्या मागे लागले. कधी तिची व्हॅन गॅरेजमध्ये, कधी तिला सर्दी, कधी तर मलाच विश्रांतीची गरज आहे असा तिचा शोध. शेवटी आमच्या मोठ्या डॉक्टरांनी तिला स्वतः फोन केला, तेव्हा एका गुरुवारी दुपारी ती आली. गॉगल लावून आली.

आमच्याकडे तपासणीची एक छोटी आवाजबंद खोली आहे. पेशंट आत हेडफोन लावून बसतो, हातात एक बटण असतं. मी काचेच्या बाहेरून हलके हलके, जाड-बारीक आवाज सोडते. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. शेवटी कागदावर आलेख उमटतो. आईला मी सगळं समजावलं. ती म्हणाली, "मला हेडफोन शिकवतेस?"

आलेख निघाला तो सुंदर होता. वीस वर्षांच्या पोरीचा असावा तसा. चोपन्न वर्षांची बाई, त्यात निम्मं आयुष्य स्पीकरशेजारी काढलेली, आणि एकही आवाज सुटला नव्हता. मशीनच बिघडलं असेल म्हणून मी वायर तपासल्या. मग काय मनात आलं कोण जाणे, मी हात मशीनवर ठेवला, बटण दाबल्यासारखं केलं, आवाज सोडलाच नाही. काचेपलीकडे आईने बटण दाबलं. पुन्हा केलं. पुन्हा दाबलं, तेही अगदी हसतमुखाने.

मी दार उघडलं.

"आई, काय चाललंय?"

"ऐकतेय की."

"काय ऐकतेयस? मी आवाज सोडलाच नाही."

तिने हेडफोन काढून सवयीने गळ्यात अडकवले. "तू चार मोजतेस आणि पाचव्याला सोडतेस," ती म्हणाली. "मधे मधे चुकतेस, पण फार नाही. शिवाय बटण दाबलंस की तुझा उजवा खांदा खाली जातो."

नऊ वर्षं मी हे काम करतेय. हट्टी आजोबा, रडणारी मुलं, नोकरीसाठी खोटं बोलणारे ड्रायव्हर, सगळे पचवले. तालात बटण दाबून मला फसवणारी आजवर कोणी भेटली नव्हती. मी तिची खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि कधी दोन मोजून, कधी अकरा मोजून, कसेही आवाज सोडले. या वेळी बराच वेळ तिचा अंगठा बटणावर नुसताच टेकलेला राहिला.

उजव्या कानाचा आलेख वाईट होता. डाव्याचा बघवत नव्हता. जाड आवाज ठीक होते, पण शिट्टीसारख्या बारीक आवाजांशी आला की आलेख कड्यावरून कोसळल्यासारखा खाली गेला होता. डाव्या कानावर ती वर्षानुवर्षं हेडफोन दाबून धरत आली होती.

तिने कागद हातात घेतला आणि माझ्या आधी तिनेच तो वाचला. "म्हणजे वरच्या पट्टीतलं सगळं गेलं."

"तुला माहीत होतं?"

"तीन वर्षं झाली."

"आणि काम कसं करतेस मग?"

"तुझे बाबा आहेत ना."

बेकरीतून निवृत्त झाल्यापासून बाबा तिच्याबरोबर कार्यक्रमांना जायचे. आम्हाला वाटायचं, वायर गुंडाळायला जात असतील, तेवढाच वेळ जातो त्यांचा. प्रत्यक्षात ते हॉलच्या मधोमध उभे राहायचे आणि आईला खुणा करायचे. कानाला हात लावला की बारीक आवाज वाढव, छातीवर ठेवला की जाड आवाज वाढव, तळहात खाली केला की कमी कर. भट्टीपुढे आयुष्य काढलेला माणूस तीन वर्षं गर्दीत उभा राहून आईचे कान झाला होता, आणि त्याच घरात कान तपासणारी मुलगी राहत होती.

घरी गेल्यावर मी बाबांना धरलं. "तुम्ही मला एका शब्दाने सांगितलं नाहीत."

"तिने सांगू नको म्हटलं होतं."

"मी रोज हेच काम करते, बाबा."

"म्हणूनच सांगू नको म्हटलं होतं," बाबा म्हणाले.

दादाला फोन केला, तर तो पुस्तकांच्या कपाटामागून कुजबुजावं तसा बोलला. "तू कशाला डोकं आपटून घेतेस? ती काही ऐकणार नाही."

"तिला ऐकू येत नाही, तेच तर सांगतेय तुला."

"मग माझा एवढा जन्म तिला समजावण्यात फुकट गेला," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी आईला बजावलं, सहा महिने काम बंद. ती म्हणाली, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. येत्या शनिवारी दुपारी तिचा एक कार्यक्रम ठरलेला होता, टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या लोकांचा मेळावा. नेमकं त्याच आठवड्यात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्यांना पंधरा दिवस गर्दीत जायला मनाई केली. शुक्रवारी आई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"उद्या तू उभी राहशील का?"

"अजिबात नाही."

"ठीक आहे. जाईन एकटी."

ती एकटी गेली असती तर स्वतःला ऐकू येईपर्यंत आवाज चढवत बसली असती आणि सोमवारी ते सगळे म्हातारे माझ्या दारात रांगेत उभे असते. म्हणून गेले. दुसरं काही कारण नव्हतं.

हॉल लांबट होता, उंच खिडक्यांचा, आणि आवाज घुमणारा. दीडशे माणसं असतील, बहुतेक पांढऱ्या केसांची. त्यांत चारजण माझे पेशंट निघाले. त्यांना मी दर भेटीला सांगते की मोठ्या आवाजापासून लांब राहा. त्यांच्यातला एक, कानात मी स्वतः बसवलेलं मशीन, माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्ही इथे कशा?" मी म्हटलं, "घरचं काम आहे."

आधी अध्यक्षांचं भाषण होतं. ते माईकपाशी उभे राहिले आणि दुसऱ्याच वाक्याला स्पीकरमधून शिट्टी सुरू झाली. बारीक, डोक्यात खिळा ठोकल्यासारखी. माणसांनी कानांवर हात ठेवले. अध्यक्ष बिचारे माईककडे बघत राहिले. आई पाठमोरी उभी राहून पुढची गाणी लावत होती, आणि गुणगुणत होती.

मी "आई" म्हणून ओरडले आणि दोन्ही हात कानांवर दाबले. तिने वळून बघितलं. कानाला हात म्हणजे बारीक आवाज वाढव. तिने मला मान डोलावून शाबासकी दिली आणि आवाज वाढवला.

त्यानंतरचं काही क्षणांचं मला नीट सांगता येणार नाही. मी खुर्च्यांमधून धावले, कोणाची तरी काठी पाडली, मशीनपर्यंत पोचले आणि माईकचं बटण खाली खेचलं. आईने फटकन माझ्या हातावर मारलं.

"माझ्या मशीनला हात लावायचा नाही."

"शिट्टी वाजत होती, आई."

"कुठे?"

मी बाजूला झाले. तिने हॉलकडे बघितलं. दीडशे माणसं कानांवर हात ठेवून तिच्याकडे बघत होती. काहींनी अजून डोळे मिटलेले होते. माझ्या पेशंटने कानातलं मशीन काढून मुठीत धरलं होतं. आईला गर्दीसमोर घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. दिवे गेले, स्पीकर जळाला, नवरानवरी भांडून निघून गेली, तरी ती हसतच सांभाळून घ्यायची. आता तिचे हात मशीनच्या वर, हवेत, कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे थांबले.

"किती वेळ वाजत होती?" तिने हळूच विचारलं.

"थोडाच वेळ."

"खरं सांग."

"अर्धा मिनिट. जास्तच."

ती स्टुलावर बसली. मी किती राग साठवून ठेवला होता, मला किती ऐकवायचं होतं, आणि मी मात्र पाडलेली काठी उचलून द्यायला गेले. अध्यक्षांनी माईकशिवायच भाषण उरकलं. मग आई उठली, ओठ पुसले आणि म्हणाली, "जा मधे उभी राहा. कानाला हात लावू नकोस. वाढवायचं तर बोट वर, कमी करायचं तर खाली."

मी मधे जाऊन उभी राहिले. प्रत्येक गाण्याआधी ती माझ्याकडे बघायची. शाळेत असताना मी कधी तिच्या कार्यक्रमाला गेले तर तिचं सगळं लक्ष नाचणाऱ्यांच्या पायांवर असायचं, मी कोपऱ्यात पेंगले तरी तिला पत्ता नसायचा. आता ती दर तीन मिनिटांनी माझा चेहरा शोधत होती. हे मला आवडलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण मी जागा सोडली नाही.

मी बोट जरा जास्तच वेळा खाली केलं, हे खरं. माझ्या हिशेबाने आवाज कानाला सोसवेल इतका झाला तेव्हा कोणी नाचेना. एक निवृत्त पोस्टमन माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, जरा पोटात जाऊ द्या की." मी आईकडे बघितलं. तिने मला विचारलंसुद्धा नाही, जाड आवाज तेवढा चढवला, बारीक तिथेच ठेवला, आणि म्हातारे उठले. गुडघ्यांची तक्रार करणारी माणसं पाऊण तास नाचत होती. जाड आवाजात ती चुकत नव्हती, तो तिला पायांखालच्या फळीतून कळायचा. मला मुकाट्याने बोट सरळ ठेवावं लागलं.

परतताना व्हॅन चालवता चालवता ती म्हणाली, "बरी आहेस. बाबांपेक्षा तुझा हात लवकर हलतो."

"मी पुन्हा येणार नाही."

"हो, हो."

सोमवारी मी दवाखाना उघडला तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. कोणी बोलावलं नव्हतं. "बसव काय ते," म्हणाली. मी तिच्या दोन्ही कानांत मशिनं बसवली. कामाच्या वेळी मशिनं काढून कानांत आवाज अडवणारी बोंडं घालायची, रात्रीची कामं सोडायची आणि मी रंगाने खूण केलेल्या जागेपुढे आवाजाचं बटण न्यायचं नाही, एवढं मी तिच्याकडून लिहून घेतलं. तिने सही करताना तीनदा वाद घातला. बाबांचा डोळा बरा झाला, तरी त्यांचे गुडघे दुखले की ती मला फोन करते. आत्तापर्यंत मी सात वेळा गेलेय आणि सातही वेळा पुन्हा येणार नाही म्हणून सांगितलंय.

काम एकदाचं मार्गी लागलं असं वाटलं, तर घरात नवीनच सुरू झालं. आईला आता सगळं ऐकू येतं. बाबांच्या चपला, बाबांचं वर्तमानपत्र, बाबांनी टोस्ट चावणं. मी कामावर असताना तिचा फोन येतो. "हे चहा ढवळतात की विहीर खणतात?" मी तिला म्हणते, आई, पेशंट बसलाय समोर.

काल बाबांचा फोन आला. गच्चीवरून बोलत होते, आवाज दबका.

"ते मशीन थोडं कमी करता येतं का गं?"

"का?"

"अगं, तीन वर्षं मला सवय लागली होती. मनातलं सगळं मोठ्याने बोलायचो मी. तिच्या शेजारी बसून."

"काय काय बोलायचात?"

"ते जाऊ दे," बाबा म्हणाले. "पण काल तिने उत्तर दिलं."

मी दोघांना गुरुवारी दुपारची वेळ दिली आहे.