स्तोयान सरांची बाजू

खेळाडू तन्वीच्या चाचणीत बंदी असलेलं औषध सापडलं आणि कयाकिंगच्या अकादमीत सगळ्यांची बोटं एकाच माणसाकडे वळली. बल्गेरियाहून आलेले कोच, स्तोयान सर. साठीचे, तापट, वल्हं जरा चुकलं की पोरींना पुन्हा तलावात पिटाळणारे. "कम्युनिस्टांच्या राज्यात घडलेला माणूस. तिकडे हेच चालायचं," असं कॅन्टीनमध्येही बोललं जाऊ लागलं.

मंजूषा त्यांची सहायक. डोकेदुखीची गोळीसुद्धा डॉक्टरला विचारल्याशिवाय ते कुणाला घेऊ देत नसत, हे तिने रोज पाहिलं होतं.

अकादमीच्या शाहपुऱ्यातल्या ऑफिसात चौकशी समिती बसली. तन्वीने रडत रडत सांगून टाकलं, "गोळ्या मी मिसरोदच्या जिममधून घेतल्या. सरांना पता पण नव्हतं."

"पोरगी घाबरलीय," समितीचे अध्यक्ष सत्यजित देशमुख म्हणाले. "त्यांनीच पढवलं असेल."

मंजूषाला राहवलं नाही. "साहेब, ते देतीलच कसे? पंधराव्या वर्षी त्यांच्या कोचने ताकदीच्या म्हणून असल्याच गोळ्या त्यांना चारल्या. लिव्हर खराब झालंय त्यांचं. बरोबरीचा मित्र तिशीत गेला. गोळ्यांचं नाव काढलं तरी चिडतात ते!"

देशमुखांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "म्हणजे या औषधांशी त्यांची जुनी ओळख आहे."

"अहो, मी काय सांगतेय..."

"समजलं, मॅडम. बसा तुम्ही."

त्याच आठवड्यात सरांचा करार रद्द झाला. आदेशात पहिलं कारण होतं, सहायक प्रशिक्षिकेची साक्ष.

मंजूषा धावतच त्यांच्या क्वार्टरवर गेली. ते कपड्यांच्या घड्या घालत होते.

"वो बात तूने बताई?" त्यांनी आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं.

"आपको बचाने के लिए, सर."

"मालूम है." त्यांनी आणखी एक शर्ट बॅगेत ठेवला. "सिर्फ तुझे बोला था. मेरी बीवी को भी नहीं बोला."

ते ओरडले असते तर तिला सोसलं असतं. बॅग उचलायला ती पुढे झाली, पण त्यांनी ती उचलू दिली नाही.

पुढे मंजूषाने साक्ष मागे घ्यायचा प्रयत्न केला. एकदा नोंदवलेली साक्ष मागे घेता येत नाही, असं तिला सांगण्यात आलं. तोवर सर आपल्या गावी पोचले होते. तिने कितीदा तरी फोन लावला. त्यांनी तो कधीच उचलला नाही.