सहा उसने कॉम्प्युटर

सुलतानपुरात मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटलं, की एका घरातून सोफा येतो, दुसऱ्या घरातून कपबशा येतात, आणि यात कुणाला काही गैर वाटत नाही. त्यामुळे पुण्याच्या बाई गाव पाहायला येणार हे कळल्यावर निवृत्त मुख्याध्यापक शालिग्राम गुरुजींनी तीच रीत लावली.

जिल्ह्यात कॉम्प्युटरच्या कामाची केंद्रं निघणार होती. पोरांनी नुसत्या सोयाबीनच्या भरवशावर किती दिवस राहायचं? पहिलं केंद्र मिळणार होतं ते असं काम करणारी माणसं आधीच असलेल्या गावाला, आणि ते गाव या बाई निवडणार होत्या. गुरुजी त्यासाठीच्या गावसमितीचे अध्यक्ष, आणि गावात असं काम करणारी एकच, त्यांची जुनी विद्यार्थिनी समता. बौद्धवाड्यातल्या घरी पाच मुलींना घेऊन ती कपाशीच्या पानांचे फोटो पाहायची आणि कुठल्याशा कंपनीसाठी त्यावर रोगाच्या खुणा करायची.

गुरुजींनी तिचे सहाही कॉम्प्युटर अर्ध्या दिवसासाठी ग्रामपंचायतीत मागवून घेतले.

"आमी बी येतो ना, गुरुजी," ती फोनवर म्हणाली.

"कायले तरास? खुर्च्या सहाच हायत."

त्या सहा खुर्च्यांवर सरपंच गुलाबरावांचा पुतण्या हर्षल आणि त्याचे पाच मित्र भांग पाडून बसले.

बाई आल्या, पोहे खाल्ले, चांगले झालेत म्हणाल्या आणि कॉम्प्युटरपाशी गेल्या. कॉम्प्युटर टीव्हीसारखा लावला की लागतो, अशी गुरुजींची समजूत होती. पण प्रत्येक पडद्यावर फक्त एक नाव आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. उसन्या ताटावर कोरलेलं मालकाचं नाव निदान पोह्यांखाली झाकता येतं.

बाईंनी पडदा वाचला आणि पुढ्यातल्या मिशाळ हर्षलला विचारलं, "तुम्ही मयुरी?"

हर्षलनं गुरुजींकडं पाहिलं. "हाव," तो म्हणाला.

"मंग मी काजल का बे?" शेजारचा पुटपुटला.

बाई हसल्या नाहीत. "काम दाखवता?"

गुरुजींनी समताला फोन लावला. "पोरी, तेवढा पासवर्ड सांग."

"तो सांगता येत नाही, गुरुजी. कंपनीचा नियम हाय. आमीच येऊन उघडून देतो." मग तिनं विचारलं, "खुर्ची खाली झाली काय?"

टोमणा असता तर गुरुजींना परवडला असता. ती खरंच विचारत होती, आणि शांत खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

कॉपी करणाऱ्या पोरांना गुरुजींनी जन्मभर उभं केलं होतं. आज ते आपणहून उभे राहिले. "मॅडम, हे कॉम्प्युटर समताचे. काम बी तिचंच. मी तिले बोलावलं नाही."

"का?"

"गाव चांगलं दिसावं म्हणून," गुरुजी म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांनाच ऐकू आलं.

बाईंनी पर्स उचलली. "म्हणजे केंद्र आहेच की. चला, ते पाहू."

गुरुजी गाडीत पुढं बसले. चौकात ड्रायव्हरनं विचारलं, "डावीकडं की उजवीकडं?"

समताला त्यांनी सात वर्षं शिकवलं होतं. कॉम्प्युटर आणायला पोरं गेली होती. घर गुरुजींनी कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी काच खाली केली आणि शेतातून परतणाऱ्या जनकाबाईंना हळूच विचारलं, "समताचं घर कोनतं वं?"

जनकाबाईंनी वाकून गाडीतल्या पाहुण्यांकडं पाहिलं, मग गुरुजींकडं.

"तुमच्याच गावात हाय, गुरुजी," त्या म्हणाल्या, आणि उजवीकडं हात केला.