शेन-सेन्सेईंची एकुलती शिष्या

दमयंती कुणाच्याही पाया पडायची. सासरचे, माहेरचे, नवऱ्याच्या ऑफिसातले निवृत्त साहेब, लग्नाच्या पंगतीत भेटलेली कुणाची तरी मावशी. पिकलेलं डोकं दिसलं की ही वाकलीच. "अगं, निदान आधी ओळख तरी करून घेत जा," असं विनायक, तिचा नवरा, म्हणायचा. ओसाकाला आल्यावर ही सवय जरा आवरली, कारण इथे सगळे दुरूनच वाकतात आणि पायांपर्यंत कुणी कुणाला पोहोचू देत नाही. आवरली, गेली मात्र नाही.

विनायकच्या कंपनीने त्याला तीन वर्षांसाठी इकडे धाडलं होतं. मुलगी पुण्यात हॉस्टेलवर, नवरा रात्री उशिरापर्यंत ऑफिसात, आणि दमयंती दिवसभर घरात चिनी मालिका बघत. तलवार चालवणाऱ्या बायकांच्या मालिका. त्यात पांढऱ्या केसांच्या बायका बांबूच्या शेंड्यावर उभ्या राहतात, मनगटाच्या एका झटक्यात गावभरचे गुंड लोळवतात, आणि त्यांना कुणी "आज भाजी काय?" असं विचारत नाही. दमयंतीला हे शेवटचं फार आवडायचं.

त्यामुळे वॉर्डाच्या सभागृहाबाहेर तलवारीच्या वर्गाची जाहिरात दिसली तेव्हा ती आत शिरली नसती तरच नवल. आत शेन-सेन्सेई होत्या; सेन्सेई म्हणजे जपानीत गुरू. ऐंशी पार केलेल्या, पाच फुटांहून कमीच, पायांत प्लास्टिकच्या सपाता, गळ्यात टॉवेल. पांढरे केस तेवढे मालिकेतल्यासारखे होते. तैवानच्या स्टुडिओंत त्यांची तरुणपणाची वर्षं गेली होती. पडद्यावर नायिका उडायची ना, ती नायिका नसायचीच, शेन-सेन्सेई असायच्या. कमरेला तारा बांधून, केस तोंडावर सोडून. "इतक्या सिनेमांत आहे मी," त्या हसून सांगायच्या, "पण चेहरा एकातही नाही." मग लग्न करून ओसाकाला आल्या, नवऱ्याचं खानावळवजा हॉटेल सांभाळलं, तो गेला, आणि आता गुरुवारी सकाळी निवृत्त जपानी बायकांना लाकडी तलवारी फिरवायला शिकवत होत्या.

पण सिनेमा हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. खरी विद्या वेगळी होती. एका नावाड्याच्या विधवेने म्हणे वल्ह्याने दरोडेखोरांना नदीत लोळवलं, आणि त्या वल्ह्याच्या फटक्यांतून पुढे तलवारीचा खेळ तयार झाला. तो एका बाईने एकाच बाईला द्यायचा, असा नेम. शेन-सेन्सेईंना तो त्यांच्या गुरूंकडून मिळाला होता. वर्गात त्या त्यातला बराचसा भाग शिकवत, शेवट मात्र कुणालाच दाखवत नसत. शेवट फक्त शिष्येचा.

ती शिष्या कोण होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिचिको-सान. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या, काठीसारख्या ताठ, मोजकं बोलणाऱ्या. वर्ग सुरू झाला तेव्हापासून त्या येत होत्या. त्यांच्या हातात तलवार आली की बाकीच्या बायका आपापला व्यायाम थांबवून बघत राहत. दमयंतीबद्दल असं काही कुणी म्हणणार नाही. तिचा उजवा खांदा आखडलेला, एका पायावर उभं राहायला भिंत लागायची, आणि डावीकडे वळा म्हटलं की ही हमखास शेजारणीच्या अंगावर. पण ती यायची. आठवड्यातली तेवढीच एक सकाळ तिला स्वतःची वाटायची.

जुलैतल्या एका गुरुवारी गुरुपौर्णिमा आली. आपल्याला कुणी काही शिकवत असेल तर त्या दिवशी त्याच्या पाया पडायचं, एवढं दमयंतीला लहानपणापासून ठाऊक. पेटीच्या बाई असोत की स्कूटर शिकवणारे काका, तिने कुणाला सोडलं नव्हतं. त्यात त्या दिवशी मधल्या सुट्टीत चहा द्यायची पाळीही तिचीच होती. उकाडा मरणाचा, म्हणून गार बार्लीचा चहा, कागदी कपात. शेन-सेन्सेई घडीच्या खुर्चीवर बसून वारा घेत होत्या. दमयंती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली, सगळ्यांच्या देखत त्यांच्या पायांवर डोकं टेकलं, आणि उठता उठता दोन्ही हातांनी कप पुढे केला.

एक चिनी म्हातारी वर्गात यायची, तिने तोंडावर हात ठेवला. शेन-सेन्सेई कपाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मिचिको-सानकडे बघितलं, अगदी सावकाश, जणू काही विचारत होत्या. मिचिको-सान खाली मान घालून तलवार पुसत होत्या. शेन-सेन्सेईंनी कप घेतला, सगळा चहा प्यायल्या, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

दमयंतीला वाटलं, किती भावुक झाल्या बिचाऱ्या. तिलाही भरून आलं.

वर्ग संपल्यावर त्या चिनी म्हातारीने तिला बाजूला घेऊन काय झालं ते सांगितलं. गुडघे टेकायचे, डोकं पायांशी न्यायचं, चार लोकांदेखत चहा द्यायचा, आणि गुरूने तो प्यायला की नातं जुळलं. त्यांच्यात शिष्या होतात त्या अशाच. आयुष्यात एकदा. आणि शेन-सेन्सेईंच्या घराण्यात तर एकच.

ती धावत पार्किंगमध्ये गेली. "सेन्सेई, चूक झाली हो! आमच्याकडे हे सगळेच करतात. मी माझ्या आतेसासूच्यासुद्धा पाया पडते!"

"माहीत आहे मला," शेन-सेन्सेई म्हणाल्या. "भारतातल्या लोकांबरोबर कामं केली आहेत मी. तुला ठाऊक नव्हतं हे कळलं मला."

"मग तुम्ही का प्यायलात?"

शेन-सेन्सेईंनी गळ्यातल्या टॉवेलने मान पुसली. मग म्हणाल्या, "मागायचं शिष्येने असतं. गुरूने सांगायचं नसतं. मी वर्षानुवर्षं वाट बघितली, की मिचिको आज येईल, उद्या येईल. तिला वाटतं, मी बोलावल्याशिवाय पुढे येणं उद्धटपणा. आता माझं डोकं मला सोडून चाललंय, दमयंती. गेल्या आठवड्यात मी घराचा रस्ता विसरले. कुणीतरी कप पुढे केला, मी घेतला."

"पण मला जमत नाही हो काही!"

"ते खरं आहे," शेन-सेन्सेई म्हणाल्या.

मिचिको-सानना थेट शिकवायला मात्र त्या काही केल्या तयार होईनात. एकदा चहा प्यायला तो प्यायला. दमयंतीने शिकावं, आणि मग दमयंतीने हवं त्या एका बाईला द्यावं. तेवढीच वाट उरली होती.

घरी विनायकला सांगितलं तर त्याने कपाळाला हात लावला. "तुला साधं सूर्यनमस्कारात मागे वाकता येत नाही, आणि तू एका घराण्याची वारस? अगं, तो लीगली बाइंडिंग प्रकार आहे का काही? सॉरी म्हण आणि मोकळी हो."

"तू गप्प बस," दमयंती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मिचिको-सानशी बोलायला तिला आणखी काही दिवस लागले. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या म्हणाल्या, "बरं झालं. सेन्सेईंना कुणीतरी मिळालं." आणि नेहमीसारखी फरशी पुसायला लागल्या. मी शिकते आणि तुम्हाला देते, असं दमयंतीने पुन्हा पुन्हा विनवलं, तेव्हा कुठे त्यांनी पोछा खाली ठेवला. मग सभागृहाच्या चिमुकल्या पँट्रीत, गॅसच्या शेगडीपाशी, त्यांनी चहा ओतला, गुडघे टेकले, आणि दमयंतीच्या मोज्यांवर डोकं ठेवलं. आपल्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी बाई आपल्या पाया पडतेय हे बघून दमयंतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती चहा प्यायली. न पिऊन सांगते कुणाला.

सप्टेंबरपासून शिकवणी सुरू झाली. दर मंगळवारी शेन-सेन्सेईंच्या घरी, दार लावून. मिचिको-सान बाहेर जिन्यात बसून राहायच्या, कारण आत यायची त्यांना परवानगी नव्हती. दमयंती घामाघूम होऊन बाहेर आली की दोघी जवळच्या बागेत जायच्या. दमयंती धडपडत, आठवत, मोबाईलवरचं चित्रण बघत चाल दाखवायची, आणि मिचिको-सान तीच चाल करायच्या तेव्हा ती इतकी देखणी व्हायची की दमयंतीला क्षणभर वाटायचं, नाही, वाचेल हे. आपण नुसत्या हमाल. ओझं इकडून उचलायचं, तिकडे ठेवायचं. हमालाला नाचता कशाला यायला हवं?

पण ओझंच बदलत होतं. एका मंगळवारी शेवट तलवार जमिनीकडे झुकवून व्हायचा, दुसऱ्या मंगळवारी आकाशाकडे. कधी मधेच वल्ह्याचा फटका यायचा, कधी तो गायबच. दमयंतीला आधी वाटलं आपलंच चुकतंय. तिला तसं वाटायची सवयच होती. मग तिने सगळी चित्रणं शेजारी शेजारी लावून बघितली. प्रत्येकात शेवट निराळा होता, आणि प्रत्येकात शेन-सेन्सेई तितक्याच ठामपणे म्हणत होत्या, "हे असंच. यात फरक करायचा नाही."

नोव्हेंबरात एकदा त्या म्हणाल्या, "आता मागे गिरकी. टाच वर. आणि हवेत थांब."

"हवेत कशी थांबू, सेन्सेई?"

"थांब गं. वरून तार ओढतात."

दमयंतीने तलवार खाली टेकवली. म्हातारी तिच्याकडे न बघता छताकडे बघत होती, तार ओढणाऱ्या माणसाने हलगर्जीपणा केल्यासारखी वैतागून. म्हणजे हे जे इतके दिवस शिकत होतो, त्यात नावाड्याची विधवा किती आणि स्टुडिओतला मारामारी बसवणारा मास्तर किती? कोण सांगणार? ज्या एकटीला ठाऊक होतं तिच्याच डोक्यात सगळं एकमेकांत मिसळून गेलं होतं.

ती बाहेर आली तेव्हा मिचिको-सान जिन्यात हातमोजे चोळत बसल्या होत्या. "आज काय?" त्यांनी विचारलं. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलीसारखी उत्सुकता होती. दमयंतीने त्यांना खरं सांगायला हवं होतं. तिला ते जमलं नाही. त्या संध्याकाळपासून ती घरी बसून चित्रणांतून निवडानिवड करायला लागली. जिथे तार लागेल ते वगळायचं, जे माणसाच्या पायांना झेपेल ते ठेवायचं. उरलेलं जोडून तिने एक शेवट तयार केला आणि तोच बागेत मिचिको-सानना दिला. चिनी मालिका बघून जेवढी अक्कल आली होती तेवढ्यावर.

जानेवारीत शेन-सेन्सेईंच्या मुलाने त्यांना वृद्धाश्रमात ठेवलं. मार्चात विनायकला परतीचा आदेश आला. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात दमयंती आणि मिचिको-सान आश्रमात गेल्या. मिचिको-सानचीच इच्छा होती. सेन्सेईंनी एकदा बघावं आणि हो म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं. बाकी काही नको.

दुपारचं जेवण झालं होतं. मागच्या अंगणात चाकांच्या खुर्च्यांची एक ओळ मांडून ठेवली होती, तिच्यात शेन-सेन्सेई होत्या. त्यांनी दोघींना ओळखलं नाही, पण पाहुणे आल्याचा आनंद झाला त्यांना. मिचिको-साननी तलवार उचलली आणि सुरुवातीपासून सगळा खेळ केला. म्हातारी माणसं बोलायची थांबली. एक नर्स हातातला ट्रे तसाच धरून उभी राहिली. दमयंतीने आयुष्यात पडद्यावर असं काही बघितलं नव्हतं, आणि तिने पुष्कळ बघितलं होतं. शेवट आला, तिने जोडलेला शेवट, आणि मिचिको-सान तलवार पाठीशी घेऊन स्थिर उभ्या राहिल्या.

शेन-सेन्सेईंनी टाळ्या वाजवल्या. "सुंदर! फार सुंदर! कुठल्या सिनेमातलं हे?"

"सिनेमातलं नाही, सेन्सेई," दमयंती घाईघाईने म्हणाली. "तुमचंच आहे. तुमच्या गुरूंचं."

"छे. सुरुवात आमची आहे," शेन-सेन्सेई म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम स्वच्छ झाला होता. "पण आमचा शेवट असा नाही. आमचा शेवट..." त्यांनी उजवा हात वर नेला. मनगट किंचित वळलं. मिचिको-सान दोन पावलं पुढे आल्या, श्वास रोखून. हात तसाच राहिला, बोटं काहीतरी शोधल्यासारखी हलली. मग तो मांडीवर खाली आला, आणि शेन-सेन्सेईंनी नर्सला विचारलं की आज अंघोळ आहे का.

दोघी चालत स्टेशनवर आल्या. फलाटावर दमयंतीला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं, तारेचं, चित्रणांचं, कापाकापीचं, मोडक्यातोडक्या जपानीत, रडत. माफ करा, माफ करा, असं ती म्हणत राहिली. मिचिको-सान ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. त्यांनी तलवारीची पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"मग आता शेवट कुठला ठेवायचा, सेन्सेई?" त्यांनी विचारलं.

दमयंतीने मागे वळून बघितलं. फलाटावर मागे कुणीच नव्हतं. मिचिको-सान तिच्याकडेच बघत होत्या, हात मांड्यांशी सरळ, शिकायला उभ्या राहतात तशा. गाडी आली, दारं उघडली, लोक उतरले, आणि मिचिको-सान उत्तरासाठी थांबून राहिल्या.