निळ्या यानावर उल्का पडत नाही

आमच्या खेळात चार यानं आहेत आणि पटाच्या मधोमध बाबाने बनवलेला काळा डबा. डब्यावर प्रत्येक यानाच्या रंगाचं एकेक बटण. पाळी आली की आपलं बटण दाबायचं. जितके हिरवे दिवे लागतील तितकी घरं पुढे जायचं, कुठल्या वाटेने ते आपण ठरवायचं आणि प्राणवायूच्या टाक्या गोळा करायच्या. पण लाल दिवा लागून डबा किंचाळला, की उल्का! हातातली एक टाकी गेलीच म्हणून समजा. ज्याच्या पाच टाक्या आधी होतील तो सुखरूप घरी, बाकीचे अंतराळात लटकले.

पट मी रंगवला, नियम माझे, डबा बाबाचा. निळं यान माझं. आणि माझ्यावर उल्का पडायचीच नाही!

कारण बटण दाबायची माझी एक खास पद्धत होती. श्वास रोखायचा, अंगठा तिरका धरायचा आणि बटणाला कळायच्या आत सोडून द्यायचं. अर्ध्या वर्गाला मी ती शिकवली होती. त्यांच्यावर धडाधड उल्का पडायच्या आणि मी म्हणायची, "अंगठा कच्चा आहे गं तुझा!" आधी मी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. जिंकायला लागल्यापासून मात्र सगळ्यात आधी माझा हात वर. उद्याच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी तर मी फळ्यावर मोठ्ठं लिहून आले होते : मला हरवून दाखवा.

आज दुपारी आतेबहीण सरावाला आली. तिला आम्ही काडी म्हणतो.

"आज निळं मी घेणार," काडी म्हणाली.

"घे की. कला यानात नसते, अंगठ्यात असते."

"बघू तुझा अंगठा!"

काडी सलग तीन डाव जिंकली. तीही एका हाताने वेफर्स खात, कोपराने बटण दाबून. माझ्या लाल यानावर उल्कांचा नुसता सडा.

"कोपराची कला म्हणायची का ही?" काडीने विचारलं.

मी हसले नाही. ती गेल्यावर डबा उलटा केला आणि स्क्रू काढले. लाल, पिवळ्या आणि पांढऱ्या बटणामागून एकेक तार लाल दिव्याकडे आणि भोंग्याकडे गेली होती. निळ्याची तार अर्ध्यात कापलेली, टोकाला चिकटपट्टी. पट्टीचं टोक दुमडलेलं. बाबा नेहमी तसंच दुमडतो, पुढच्या माणसाला उकलताना सोपं जावं म्हणून.

डबा आणि पट काखोटीला मारून मी बाबाच्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. बाबा कुणाच्या तरी टेबलफॅनचं पोट उघडून बसला होता.

"ही तार कुणी कापली?"

त्याने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेचकस खाली ठेवला.

"तू पहिल्याच डावात हरलीस आणि म्हणालीस, मला काहीच जमत नाही. म्हटलं, एकदा जिंकू दे. तर दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना गाणं म्हणत गेलीस. मग जोडायचा धीरच झाला नाही गं."

"आईला माहीत आहे?"

बाबाने पेचकस पुन्हा उचलला.

"म्हणजे आहे! मी जेवताना अंगठा दाखवत होते, आणि तुम्ही दोघं माना डोलवत होतात? वा वा करत होतात?"

"चेष्टा नव्हती ती, बाळा."

"बाळा म्हणू नकोस मला."

"बरं. उद्याचा दिवस तरी राहू दे तशीच. कुणाला कळणार आहे?"

हे ऐकून मात्र माझी कानशिलं तापली. मी त्याचीच सोल्डरिंग गन उचलली. तार जोडली. माझा सांधा ओबडधोबड झाला. त्याचा हात पुढे आला, मी डबा मागे ओढला.

"बस. खेळ माझ्याशी."

टेबलफॅन बाजूला सारून आम्ही पट मांडला. निळं यान मीच घेतलं. मी श्वास रोखला, अंगठा तिरका धरला. डबा किंचाळला. पुढच्या पाळीला मी सरळ बोटाने बटण दाबलं. चार हिरवे.

शेवटी त्याच्या चार टाक्या झाल्या, माझ्या तीन. त्याला दोन दिवे लागले. डावीकडे दोन घरांवर पाचवी टाकी होती, आंधळ्यालाही दिसली असती. बाबाने यान उजवीकडे नेलं.

अजूनही! तार माझ्यासमोर जोडलेली असताना!

"चाल मागे घे," मी म्हटलं. माझा आवाज फाटला होता.

"माझं लक्ष नव्हतं गं…"

"बाबा. मागे घे."

त्याने यान हळूच मागे आणलं. माझ्याकडे पाहिलं. मी नजर हटवली नाही. मग त्याने ते डावीकडे नेलं आणि टाकी उचलली. मी हरले.

"चल, दुकान बंद करतो, बरोबरच जाऊ घरी," तो म्हणाला.

"मी जाईन माझी."

मी टाक्या पुन्हा जागच्या जागी ठेवायला लागले. "पण आधी अजून एक डाव. आणि या वेळी तू निळं घे."